सशुल्क पाहुणा

एखाद्याच्या घरी आठवडाभर जाऊन राहायचं, त्यांच्या पंक्तीला जेवायचं, त्यांची जनावरं हाताळायची, रात्री अंगणात शेकोटीभोवती बसून त्यांच्या आजोबांच्या गोष्टी ऐकायच्या आणि निघताना या सगळ्याचे पैसे मोजायचे, याला अमेरिकेत ‘गेस्ट रँच’ म्हणतात. आपल्याकडे पैसे मोजण्याचा भाग वगळला तर बाकीच्याला ‘मे महिना’ म्हणतात. माझे सगळे मे महिने रत्नागिरीजवळ आजोळी गेले आणि निघताना मामा उलट आमच्याच हातावर नोट ठेवायचा. त्यामुळे पाहुणचाराचं बिल येतं ही कल्पना पचवायला मला फार जड गेलं.

बिल मी भरणार नव्हतो. डेन्व्हरला असणाऱ्या मुलीने माझ्या निवृत्तीची भेट म्हणून हे ठरवलं होतं. रॉकी पर्वतातलं, शंभर वर्षांहून जुनं, लाकडी ओंडक्यांच्या केबिनींचं रँच. रविवार ते रविवार.

“किती पैसे पडले?” मी विचारलं.

“बाबा, गिफ्ट आहे ते.”

“गिफ्टला किंमत असते.”

“म्हणून तर सांगत नाहीये.”

हिचे प्रश्न वेगळे होते. “कोण असतात ते? आपल्या ओळखीचे?”

“नाही गं आई. मालक आहेत रँचचे.”

“ओळख ना पाळख आणि आठवडाभर राहायचं? बरं, न्यायचं काय त्यांच्यासाठी?”

“काही न्यायचं नसतं. आपण पैसे दिलेत.”

“पैसे दिले म्हणून काय रिकाम्या हाताने जायचं?”

या प्रश्नाला अमेरिकेत वाढलेल्या अर्थव्यवस्थेकडे उत्तर नाही. परिणामी गाडीच्या डिकीत चिवडा, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू, लिंबाचं लोणचं, एक खण आणि तीन लिटरचा कुकर असा ऐवज चढला. कुकर कशासाठी, हे विचारण्याचं धैर्य जावयाला झालं नाही. मला झालं नाही याला तर तीस वर्षांहून जास्त दिवस झाले.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे आणि आपलं कळसूबाई ५,४०० फुटांवर. म्हणजे लेक कळसूबाईच्या माथ्याच्या जरा खाली संसार थाटून बसली आहे आणि तिची मुख्य तक्रार पार्किंगची आहे. तिथून आम्ही अजून वर निघालो. बर्थुड खिंड ११,३०७ फुटांवर. या खिंडीच्या एका अंगाला पडलेलं पाणी अटलांटिकच्या वाटेला लागतं आणि दुसऱ्या अंगाचं पॅसिफिकच्या. मी गाडीतून उतरून चार पावलं चाललो, दम लागला, बाटली उघडली आणि हात थरथरून अर्धं पाणी सांडलं. ते नक्की कोणत्या महासागराला गेलं यावर जावई आणि मी बराच वेळ बोललो. ही म्हणाली, “पॅन्टला गेलंय.”

खिंड उतरलं की फ्रेझरचं खोरं लागतं. आयझेनहॉवर अध्यक्ष असताना इथे मासे धरायला यायचे, आणि भर जूनमध्येही इथे रात्री कुडकुडायला होतं. आमचं रँच त्याच्या पुढे, साडेआठ हजार फुटांवर.

दारात मालकीणबाई स्वतः उभ्या. सत्तरीच्या, काटक, डोक्यावर हॅट. त्यांनी नावानिशी हाक मारली, प्रवास कसा झाला विचारलं, हिचा हात हातात घेतला. ही तत्काळ विरघळली आणि तिने चिवड्याचा डबा पुढे केला. मालकीणबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि गंभीर होऊन विचारलं, “अजून काही खाण्याचं आहे सामानात?”

“आहे ना!” ही आनंदाने म्हणाली. आग्रहाची सुरुवात झाली असं तिला वाटलं.

“सगळं द्या. अस्वलं येतात.”

कोलोरॅडोतल्या काळ्या अस्वलाचं नाक भलतं तिखट असतं. केबिनमध्ये किंवा गाडीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, ती गाडीचं दार उघडून आत बसतात, असं आम्हाला सांगण्यात आलं. लाडू, शंकरपाळ्या, लोणचं सगळं स्वयंपाकघरातल्या कुलपाच्या कपाटात गेलं. माझ्या खिशातली खोकल्याची गोळीसुद्धा. अस्वलाने काही खाल्लं नाही हे इथेच सांगून टाकतो. दोन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा चिवडा घोडे सांभाळणाऱ्या पोरांनी संपवलेला होता आणि डब्याच्या तळाशी फक्त तळलेले मिरचीचे तुकडे उरले होते, एकत्र करून, आदराने एका बाजूला सारलेले.

केबिनच्या दारावर पितळी पाटी होती: ही वास्तू ऐतिहासिक आहे. आत गेल्यावर इतिहासाचा प्रत्यय आला. जमीन एका बाजूला कलती होती. नळाला गरम पाणी यायचं, पण ते आधी कुठेतरी जाऊन मग यायचं. खिडकी उघडली की बंद व्हायची नाही आणि बंद केली की वारा त्यातूनही आत यायचा. कोपऱ्यात लाकडं घालायची शेगडी. टेबलावर एक कार्ड: इथे टीव्ही नाही, टेलिफोन नाही, एअर कंडिशनर नाही, घड्याळ नाही. मी वाचून दाखवलं.

“एवढं नाही म्हणतात, तर पैसे कमी करून घेतले असतील,” ही म्हणाली.

मुलगी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे उलट आहे हे हिने ओळखलं. रँचच्या धंद्याचं मर्म तिला माझ्याआधी कळलं होतं. जे आहे त्याचे पैसे मोटेल घेतं, जे नाही त्याचे रँच घेतं. नदीकाठचं एखादं रँच तर म्हणे मोबाइलला रेंजही नाही अशी जाहिरात करतं, आणि ते आमच्याहून महाग आहे.

खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर झाली. घंटा वाजते आणि सगळे पाहुणे एका लांब टेबलाशी बसतात. मालकीणबाई, त्यांचा मुलगा, सून, घोडेवाली पोरं, सगळे तिथेच. वाडगे हातोहात फिरतात. हे दृश्य मला इतकं घरचं वाटलं की मी बेसावध झालो. पहिलं वाढून झालं. सुनेने मक्याच्या ब्रेडची परडी पुन्हा माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, “नको, नको.”

परडी पुढे गेली.

मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती डावीकडच्या ओहायोच्या दंतवैद्याकडे गेली, त्याने दोन घेतले, मग टेक्सासच्या जोडप्याकडे, आणि मग संपली. मराठी माणसाचा पहिला नकार हा नकार नसतो, ती प्रस्तावना असते. दुसऱ्या नकारात आवाज जरा उतरतो, तिसऱ्यात ताटावर हात आडवा धरतात पण बोटं फाकवून. यजमानाने त्या फटीतून वाढायचं, ही दोन्ही पक्षांना ठाऊक असलेली रीत आहे. इथे पहिल्या ‘नो’वर माझा खटला निकालात निघाला. हिचं तर वाईटच झालं. शाकाहारी म्हणून तिच्यासाठी खास मोठा भाजलेला बटाटा केला होता. “अजून एक देऊ?” “नो, नो, प्लीज.” त्या माउलीने हिच्या इच्छेचा मान राखला. रात्री केबिनमध्ये आम्ही दोघं कलत्या जमिनीवर पोटं धरून बसलो होतो आणि चिवडा कुलपात होता.

“उद्या पहिल्या फटक्याला हो म्हणायचं,” मी ठराव मांडला.

“पहिल्याच फटक्याला? हावरट म्हणतील.”

“इथे नाही म्हणत.”

“ते नाही म्हणत. मला मी म्हणेन ना!”

मी मात्र सुधारलो आणि सुधारण्याचं फळ दुसऱ्याच संध्याकाळी मिळालं. बाहेर निखाऱ्यावर जेवण होतं. घेवड्याच्या बिया शिजवल्या होत्या, त्यांतही डुक्कर होतं. एका कढईत काहीतरी पिठात घोळून तळत होते. मी विचारलं, तर आचारी म्हणाला, “रॉकी माउंटन ऑयस्टर्स.” कालवं! माझं कोकणी रक्त उसळलं. समुद्र इथून हजार मैलांवर, आणि या डोंगरात ताजी कालवं! मी पहिल्या फटक्याला हो म्हणालो. दुसऱ्यालाही म्हणालो. हिला म्हणालो, “चव जरा वेगळी आहे, पण गोड्या पाण्यातली असतील.” जावई माझ्याकडे पाहत होता. तो सज्जन आहे, त्याने मला बशी संपवू दिली. मग बाजूला घेऊन म्हणाला, “बाबा, ती कालवं नाहीत. गोऱ्ह्याचा बैल करताना जे काढून टाकतात ना, ते आहे.”

हिला मी अजून सांगितलेलं नाही. हा लेख ती वाचणार नाही, अशी व्यवस्था करायची आहे.

टेक्सासच्या जोडप्याबद्दल सांगायला हवं. रँचवर दोन जाती असतात. एक आमच्यासारखे नवखे, ज्यांना तिकडे ‘ड्यूड’ म्हणतात, आणि दुसरे जुने पाहुणे. जुने पाहुणे दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच केबिनमध्ये येतात. त्यांचा घोडा ठरलेला, टेबलावरची जागा ठरलेली. नवख्यांकडे ते पर्वतीवर वीस वर्षं रोज चढणारा पेन्शनर पहिल्यांदा आलेल्याकडे पाहतो तसे पाहतात. मी व्हरांड्यातल्या डुलत्या खुर्चीत बसलो होतो, तर टेक्सासचे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

“छान आहे ना खुर्ची?”

“फार छान.”

“माझ्या वडिलांना फार आवडायची.”

“अरे वा.”

“मलाही आवडते.”

मी उठलो. ते बसले. बसल्यावर त्यांनी मला १९८८ साली इथे पाऊस कसा झाला होता ते सांगितलं. मालकीणबाईंनाही ते सांगतात, कारण आंघोळीच्या पाण्याचा पाइप कुठून जातो हे त्यांना मालकांपेक्षा जास्त माहीत आहे. आता गंमत अशी की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यू जर्सीचं एक कुटुंब उशिरा आलं. त्यांच्या केबिनचा नळ चालेना. मी सहज म्हणालो, “जरा थांबावं लागतं. पाणी आधी कुठेतरी जाऊन येतं.” त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मला खुर्चीची आठवण झाली आणि मी ती त्यांच्या आधी गाठली.

आणि घोडा. घोड्यांच्या आवाराच्या फाटकावरच पाटी आहे. घोड्यांच्या सहवासात जे धोके मुळातच असतात त्यांतून इजा किंवा मृत्यू झाल्यास कोलोरॅडोच्या कायद्याप्रमाणे घोडेवाला जबाबदार नाही. अशी पाटी लावायची हेही त्याच कायद्यात आहे. ही पाटी वाचून मग फॉर्म भरायचा. नाव, वय, उंची, वजन, अनुभव. वजन खरं लिहा, घोडा त्यावरून ठरतो, असं पोरगा म्हणाला. ही जावयादेखत वजन सांगायला तयार नव्हती. तिने चिठ्ठीवर लिहिलं, चार घड्या घातल्या आणि पोराच्या हातात दिली. पोराने चिठ्ठी उलगडली आणि आवाराच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या मैत्रिणीला तो आकडा ओरडून सांगितला. डोंगरातून तो परत आला.

माझी पाळी.

“पूर्वी घोड्यावर बसलायत?”

“हो. माथेरानला.”

“ते कुठलं रँच?”

“रँच नाही, गाव. तिथे मोटारींना बंदी आहे. घोडे चालतात.”

त्याच्या चेहऱ्यावर एकदम आदर. “भारी! मग लगाम एका हातात धरता की दोन?”

“लगाम घोडेवाल्याच्या हातात होता.”

त्याने ‘नवखा’पुढे खूण केली. माझा स्वाभिमान डिवचला गेला. मी त्याला सांगितलं की १७५८ साली आमच्या लोकांनी भीमथडीच्या तट्टांवरून थेट अटकेपर्यंत मजल मारली होती. तो म्हणाला, “कूल. टाचा खाली.” माझे प्रत्यक्ष पूर्वज त्या वेळी मागे राहून मोहिमेचा हिशेब लिहीत असणार, हे मी त्याला सांगितलं नाही. घोड्याला मात्र ते समजलं असावं.

घोड्याचं नाव मंडे. पस्तीस वर्षं बँकेत ज्याला टाळलं तो सोमवार चार पायांवर माझ्यापुढे उभा. खुर्चीवर चढून, खुर्चीवरून ठोकळ्यावर चढून, ठोकळ्यावरून मला वर ढकलण्यात आलं. वेस्टर्न जीनला पुढे एक खुंट असतो. गुराखी त्याला दोर बांधतात. मी त्याला मिठी मारली. रांग निघाली. पुढे ही. तिच्या घोडीला ती मराठीत “चल गं बाई, हळू, दगड आहे” असं सांगत होती आणि घोडी ऐकत होती. मंडे पन्नास पावलं चालला आणि गवत खायला लागला.

“खाऊ देऊ नका त्याला!” पोरगा पुढून ओरडला.

ही कोणती रीत? मी पाहुणा. यजमानाच्या घोड्याला खाऊ नको म्हणू? मी लगाम जरासा ओढला. मंडेने मान वर केली, माझ्याकडे न पाहता विचार केला आणि पुन्हा खाली घातली.

“साहेब कोण आहे ते त्याला कळू दे!”

त्याला कळलं होतं. मी शेवटी बँकेच्या पत्रात लिहितात तसं स्वच्छ इंग्रजीत “काइंडली प्रोसीड” म्हणालो आणि पोरगा घोड्यावरून पडायचा राहिला. पण मला यात मोठी सोबत आहे. १८८३ साली चष्मा लावलेला थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कहून डाकोटाच्या रानात आला. पुढे त्याने तिथे गुरं घेतली. गुरं हाकताना तो गुराख्यांना असल्याच पुस्तकी भाषेत “त्वरेने पुढे व्हावे” अशा थाटाची आज्ञा देऊन बसला आणि ते मरेपर्यंत त्याला हसले. १८८६-८७च्या हिवाळ्यात त्याची निम्म्याहून अधिक गुरं मेली. पुढे तो अध्यक्ष झाला. मी मंडेवरून उतरल्यावर जिना उतरता येईना.

म्हणून दुसऱ्या दिवशी घोडा चुकवून आम्ही होल्झवार्थचं जुनं रँच बघायला गेलो. ते आता रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात जपून ठेवलंय. वाटेत कोलोरॅडो नदी ओलांडावी लागते. ग्रँड कॅन्यन कोरून काढणारी हीच ती नदी, पण इथे ती इतकी लहान आहे की हिने आधी चौकशी केली, “मुख्य नदी कुठाय?” जॉन होल्झवार्थचा डेन्व्हरला दारूचा गुत्ता होता. १९१६ साली कोलोरॅडोत दारूबंदी आली. गुत्ता गेला. १९१७ साली तो बायकापोरांसह या खोऱ्यात जमीन घेऊन राहिला. पण गुत्ता बंद झाला म्हणून गिऱ्हाइकं बंद होत नाहीत. डेन्व्हरची दोस्तमंडळी मासे मारायला येऊ लागली, राहू लागली, जेवू लागली. शेवटी घरच्यांनी दर लावला. दिवसाला दोन डॉलर, आठवड्याला अकरा.

ही माहितीफलकापुढे बराच वेळ उभी होती. “बघा,” ती म्हणाली. “त्यांचं काय चुकलं? तुमचा तो मित्र आठवतोय का, नागपूरचा? बदली होईपर्यंत म्हणून आला होता.”

होल्झवार्थचं हे काही पहिलं उदाहरण नाही. त्याच्या कितीतरी आधी पिट्सबर्गचे तीन भाऊ, हॉवर्ड, ऑल्डन आणि विलिस ईटन, डाकोटात मेडोराजवळ रँच चालवत. पूर्वेकडचे स्नेही शिकारीला येत. त्यांचे स्नेही येत. स्नेह्यांच्या स्नेह्यांना घोडे लागत, जेवण लागे, आणि कोणी लवकर जाईना. ईटन बंधू पाहुणचारात बुडायला आले. तेव्हा, १८८२ साली, बफेलो शहरातल्या एका पाहुण्याने स्वतः होऊन सुचवलं की माझ्याकडून पैसे घ्या, म्हणजे मला अजून राहता येईल.

हे मी हिला सांगितलं. आम्ही दोघं अवाक झालो. पाहुण्याने स्वतः होऊन? आमच्याकडे आलेल्या कोणत्याही पाहुण्याच्या तोंडून हे कधी निघालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याही तोंडून कोणाकडे नाही. बंधूंनी होकार दिला, १९०४ साली वायोमिंगला शेरिडनजवळ नवं रँच घेतलं आणि पाहुणे हाच धंदा केला. मग रेल्वेवाल्यांनाही उन्हाळी प्रवासी हवे होते. १९१४ला युद्धाने युरोपच्या सहली बंद पाडल्या तेव्हा पैसेवाल्यांनी पश्चिमेचं तिकीट काढलं आणि १९२६ला नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या पाठिंब्याने रँचवाल्यांची संघटनाच झाली. नेवाडातल्या रँचना तर एक वेगळंच गिऱ्हाइक मिळालं. १९३१ साली तिथल्या कायद्याने घटस्फोटासाठी सहा आठवडे राहणं पुरेसं ठरवलं. मग पूर्वेच्या बायका रेनोजवळच्या रँचवर सहा आठवडे घोडे फिरवायच्या आणि मोकळ्या होऊन परतायच्या.

“सहा आठवडे,” ही विचारात पडली. “जेवण धरून?”

कुकरचं आता सांगतो. साडेआठ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. पातेल्यात तूरडाळ टाकली तर ती उकळत राहते, पण शिजत नाही. हे भौतिकशास्त्र हिला कोणी शिकवलं नव्हतं, पण “डोंगरात डाळ शिजत नाही” एवढं तिला माहीत होतं आणि म्हणून कुकर आला होता. बटाट्यांना कंटाळून तिने एका संध्याकाळी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आचारी घेवड्याच्या बिया शिजवायला रात्रीपासून बसायचा. तो कुकरभोवती लांबून फिरला.

“हे उडत नाही ना?”

“शिटी होते फक्त.”

“कधी?”

तेवढ्यात झाली. आचारी टेबलाखाली गेला. आवारातल्या सगळ्या घोड्यांचे कान उभे राहिले, कुत्रं भुंकत पळालं, आणि टेक्सासचे गृहस्थ खुर्चीतून उठले. (मी बसलो.) चौथ्या शिटीपर्यंत घोडेवाली पोरं रांगेने ताटल्या घेऊन हजर होती. वरण, भात, लिंबू, वर लोणचं. तूप नव्हतं म्हणून ही हळहळत होती आणि ती पोरं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागत होती. एकानेही नको म्हटलं नाही.

त्या रात्री शेकोटीपाशी गाणी झाली. मालकीणबाई म्हणाल्या, आता भारतातलं गाणं. आम्ही चौघं एकमेकांकडे पाहू लागलो. चौघांनाही अख्खं पाठ येतं असं एकच गाणं निघालं, ते म्हणजे गणपतीची आरती. टाळ्या वाजवत म्हटली. सगळ्यांनी ठेक्यात टाळ्या धरल्या, ओहायोचा दंतवैद्य तर रंगून गेला. “प्रेमगीत?” त्याने विचारलं. “एका अर्थी,” जावई म्हणाला.

निघायच्या सकाळी मुलीने सगळ्या नोकरवर्गासाठी मिळून द्यायच्या टिपेचं पाकीट तयार केलं. टक्केवारी काढून, डॉलरनुडॉलर. हिने त्यात वर एक डॉलर घातला. दहा मिनिटांत घोडेवाला पोरगा धावत आला. “मॅडम, हिशेबापेक्षा एक डॉलर जास्त आलाय.” “तो शकुनाचा,” ही म्हणाली. तो डॉलर घेऊन तो परत गेला, आणि दुरून आम्हाला दिसत होतं की ती सगळी पोरं त्या डॉलरभोवती उभी राहून चर्चा करतायत.

मग हिने मालकीणबाईंना खण दिला. त्यांनी तो लगेच तिरका दुमडून गळ्यात बांधला. गुराख्यांच्या रुमालाला नारायणपेठी काठ इतका शोभेल असं मला वाटलं नव्हतं. हिचे डोळे भरून आले आणि भरल्या डोळ्यांनी ती जे म्हणायचं असतं ते म्हणाली, “आता तुम्ही या हं आमच्याकडे, पुण्याला.”

हे वाक्य आपण जिन्यात, रिक्षा थांबलेली असताना, लग्नाच्या हॉलबाहेर म्हणतो. यावर समोरच्याने “हो, नक्की” म्हणायचं असतं आणि दोघांनी विसरायचं असतं. मालकीणबाईंनी खिशातून डायरी काढली.

“फेब्रुवारी,” त्या म्हणाल्या. “तेव्हा इथे बर्फ असतो, आम्ही मोकळे असतो. मी, मुलगा, सून आणि नातवंडं. टेक्सासच्या मंडळींनाही विचारते. चालेल ना? आणि तुमचा दर काय?”

“दर?” ही दुखावली. “छे छे! पैसे कसले? घरचंच आहे.”

मालकीणबाईंनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

तिकिटं निघाली आहेत. कोथरूडच्या दोन खोल्यांत सात माणसं कुठे निजवायची याचा आराखडा रोज रात्री नव्याने होतो. नळाला पाणी आधी कुठेतरी जाऊन मग येतं, हे मात्र आमच्याकडेही तसंच असल्यामुळे त्यांना परकं वाटणार नाही. मालकीणबाईंनी पत्रात विचारलंय की फिरायला घोडे मिळतील का. मी स्कूटर आहे असं कळवलं आणि एक फॉर्म तयार करायला घेतला. नाव, वय, उंची, वजन. कर्वे रोडवर स्कूटरच्या मागे बसण्यात जे धोके मुळातच आहेत त्यांतून काही झाल्यास चालक जबाबदार नाही. अनुभवाच्या रकान्यात तीन चौकोन ठेवलेत: नवखा, मध्यम, पुणेकर.

हिची चिंता वेगळीच आहे. काल पुरणाच्या पोळ्यांचा हिशेब मांडताना ती एकदम थांबली.

“अहो, ही माणसं पहिल्याच फटक्याला हो म्हणतात ना?”

“हो.”

“मग मी आग्रह कधी करायचा?”